वाचकांचे प्रश्न : घरटी, अंडी आणि पिल्लं

होळीनंतर पुण्यात पक्ष्यांच्या विणीला जोर चढतो आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांनाही. यंदाच्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न खाली पडलेल्या पिल्लांचे आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या बाल्कनीत टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय. काल पाणी घालायला गेले, तर एक पिल्लू उडी मारून खाली पडलं. उचलून परत ठेवलं, तर पुन्हा उडी मारली. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. त्याला काय भरवू?
*– एक वाचक, कोथरूड*

काहीही भरवू नका. आधी त्याच्या अंगावरची पिसं बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

लालबुड्या बुलबुल दोन-तीन अंडी घालतो. बारा ते चौदा दिवसांत ती फुटतात आणि त्यानंतर साधारण बारा दिवसांत पिल्लं घरटं सोडतात. सोडतात तेव्हा त्यांना उडता येत नसतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. शेपूट बोटाच्या पेराएवढी, पंख आखूड, पण अंग पिसांनी झाकलेलं आणि पाय भक्कम, असं पिल्लू पडलेलं नसतं, बाहेर निघालेलं असतं. पुढचे काही दिवस ते झुडपात, कुंड्यांमागे, कठड्यावर बसून राहतं आणि आईबाप तिथेच येऊन त्याला अळ्या भरवतात. तुमचं पिल्लू पुन्हा पुन्हा उडी मारतंय, म्हणजे ते याच वयाचं आहे. त्याला घरट्यात कोंबू नका. मांजर किंवा कुत्रं येणार नाही अशा दाट फांदीवर, घरट्यापासून चार-पाच हातांच्या आत ठेवा आणि घरात जाऊन काचेआडून बघा. तासाभरात चोचीत हिरवी अळी घेतलेला बुलबुल दिसेल. पिल्लाच्या मागच्या बाजूने पांढरी, पातळ पिशवीत बांधल्यासारखी विष्ठा निघते. ती चोचीत धरून आई किंवा बाप दूर टाकून येतात. तसं दिसलं तर निर्धास्त राहा, संगोपन चालू आहे.

अंगावर पिसं नसतील, डोळे मिटलेले असतील किंवा पिसांच्या जागी नुसत्या निळसर नळ्या दिसत असतील, तर ते पिल्लू खरोखरच पडलेलं असतं आणि त्याला परत घरट्यात ठेवायला हवं. मात्र ते गार लागत असेल, तर आधी दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्या. गारठलेलं पिल्लू चोच उघडत नाही, आणि चोच न उघडणाऱ्या पिल्लाला आईबाप भरवत नाहीत. पिल्लू परत ठेवूनही मेलं, असं लोक सांगतात, त्यात पुष्कळदा हेच कारण असतं. घरटंच मोडलं असेल, तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली किंवा प्लास्टिकची जुनी गाळणी घ्या, आत सुकं गवत पसरा आणि जुन्या जागेला जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधा. कापूस घालू नका, त्यात नख्या अडकतात.

माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हे खरं नाही. एवढे दिवस उबवून, भरवून वाढवलेलं पिल्लू ते सहजासहजी सोडत नाहीत. घरटं सोडून जाण्याची भीती असते ती अंडी घालण्याच्या आणि उबवण्याच्या पहिल्या दिवसांत, आणि तीही वाकून वाकून बघण्यामुळे. पिल्लं आठ-नऊ दिवसांची झाल्यावर धोका उलटा होतो. तेव्हा कुणी घरट्यावर ओणवं झालं, की ती घाबरून वेळेआधीच उड्या टाकतात. तुमच्याकडे तेच झालं असावं. उरलेली पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या कुंडीला बाजूने, लांबूनच पाणी घाला.

ड्रॉपरने चोचीत पाणी घालणं सगळ्यात घातक. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे थेंब सरळ फुप्फुसात उतरतो. पिल्लाला लागणारं पाणी त्याला अळ्यांमधून मिळतं. दूध, पाव, भात यांतलंही काही चालत नाही. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू मात्र वरून धडधाकट दिसलं, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे सुईच्या टोकाएवढी जखमही जीव घेते. नेताना पुठ्ठ्याचं खोकं, वर हवेसाठी भोकं, आत कापड, वरून अंधार, एवढं पुरे. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. बावधनला वन्यजीवांसाठी उपचार केंद्रही आहे. पिल्लू घरात वाढवण्याचा विचार करू नका. ते कायद्यात बसत नाही, आणि हातावर वाढलेल्या पिल्लाला अळी कुठे शोधायची, शिकऱ्याला बघून कुठे दडायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

सोसायटीच्या गच्चीवर, सोलर पॅनेलच्या खाली टिटवीने चार अंडी घातली आहेत. वॉटरप्रूफिंगचं काम तोंडावर आलंय. अंडी उचलून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवली तर चालतील का? आणि टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त पडतो, हे खरं का?
*– सोसायटीचे एक सभासद, बाणेर*

उचलू नका. टिटवीला तिची जागा कळते; दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली अंडी ती शोधत येणार नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्याची अंडी किंवा घरटं हलवणं, नासवणं शिकारीतच मोडतं.

हिशेब असा करा. टिटवी सगळी अंडी घालून झाल्यावर नेटाने उबवायला बसते आणि तिथून २८ ते ३० दिवसांत ती एकदमच फुटतात. म्हणजे काम फार तर महिनाभर पुढे ढकलावं लागेल. तेही जमत नसेल, तर गच्चीचा निदान तो कोपरा सोडून द्या आणि मजुरांना उन्हाच्या वेळी तिथे जाऊ देऊ नका. हे वेळेचं सांगतोय त्याला कारण आहे. एप्रिल-मेच्या दुपारी टिटवी अंड्यांना ऊब देत नसते, सावली देत असते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ती ओली पिसं अंड्यांवर टेकवून त्यांना थंड ठेवते. नर-मादी आळीपाळीने बसतात. माणसाच्या भीतीने दोघंही अर्धा तास लांब राहिले, तर तापलेल्या सिमेंटवर अंड्यातला जीव भाजून जातो. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या पसरट ताटात दोन बोटं पाणी भरून ठेवा, मध्ये खडे टाका.

खरी परीक्षा अंडी फुटल्यावर आहे. बुलबुलाच्या पिल्लासारखं टिटवीचं पिल्लू उघडं-नागडं नसतं. काही तासांत ते पळायला लागतं आणि स्वतःच टिपून खातं. आईबाप त्याला भरवत नाहीत, फक्त राखण करतात, इशारे देतात आणि पोटाखाली घेतात. मोकळ्या रानात ही रीत उत्तम चालते. गच्चीवर किडेच नसल्यामुळे पिल्लं उपाशी राहतात. म्हणून अंडी फुटायच्या आधीच पावसाच्या पाण्याच्या सगळ्या पाइपांची तोंडं बारीक जाळीने झाका, कारण पिल्लं त्यात हमखास घसरतात. आईबाप खाली उतरून हाका मारू लागले, की पिल्लं कठड्याकडे धावतात. वजन अगदी कमी असल्याने दोन मजल्यांवरून उडी मारून खालच्या मातीवर ती वाचतात, पण तुमच्या उंच इमारतीचा भरवसा धरू नका. वन विभागाला आधी कळवून ठेवा. त्यांच्या मदतीने सगळी पिल्लं एकाच वेळी खोक्यात घेऊन, आईबाप डोक्यावर घिरट्या घालत असताना, त्यांना दिसेल अशा पद्धतीने जवळच्या मोकळ्या जमिनीवर सोडायची. एक खाली आणि तीन वर, असं होऊ देऊ नका. टिटव्या एका पिल्लाच्या मागे जातात आणि बाकीची राहतात.

पावसाचं म्हणाल, तर कावळ्याने आंब्यावर घरटं केलं की चांगला पाऊस आणि बाभळीवर केलं की दुष्काळ, यासारखाच हा अंदाज आहे. टिटवीला खडेगोटे पसरलेली उघडी, चौफेर दिसणारी जागा हवी असते. बाणेर-बालेवाडीचे माळ गेले आणि तशी जागा गच्चीवर उरली. तिने वर अंडी का घातली, याचं उत्तर आकाशात शोधण्यापेक्षा आजूबाजूच्या बांधकामांत शोधावं.

कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवतो, हे आमच्या वाड्याच्या पिंपळावर रोज दिसतं. त्याला फरक कळत नाही का? आणि कोकिळेचं पिल्लू कावळ्याची पिल्लं खाली ढकलतं का?
*– एक वाचक, सदाशिव पेठ*

ढकलतं, हा समज पक्का बसलेला आहे, पण आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तसं करत नाही. तिचं अंडं बारा ते चौदा दिवसांत फुटतं, कावळ्याचं सोळा-सतरा दिवसांत. ही दोन-तीन दिवसांची आघाडीच तिला पुरते. कावळ्याची पिल्लं बाहेर येईतो कोकिळेचं पिल्लू मोठं होऊन मान उंचावून घास मागत असतं, आणि ज्याची चोच सगळ्यात वर त्याला घास आधी. कावळ्याचं शेवटचं, अशक्त पिल्लू त्यात उपाशी मरतं. तरी एकाच घरट्यातून कावळ्याची आणि कोकिळेची पिल्लं दोन्ही सुखरूप उडालेली दिसतात.

कावळा चतुर पक्षी आहे, तरी इथे फसतो, कारण नीट फसवलं जातं. कोकिळेचं अंडं आकाराने लहान, पण रंग तोच, हिरवट-करड्यावर तपकिरी ठिपके. काळं पिल्लूही फार वेगळं दिसत नाही. कोकीळ मोठमोठ्याने ओरडत घरट्याजवळ येतो, कावळे त्याच्या मागे लागतात, आणि अंगावर ठिपके असलेली मादी तेवढ्यात अंडं घालून जाते. एकाच घरट्यात दोन-तीन कोकिळांचीही अंडी सापडतात. कावळ्याच्या बाजूनेही विचार करा. शंका आली म्हणून अंडं बाहेर टाकायचं, आणि ते आपलंच निघालं तर? तीन-चार अंड्यांच्या खेळात ती चूक महाग पडते.

पावसाळ्यात टेकड्यांवर दिसणारे चातक आणि पावशा हेही याच कुळातले. दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात आणि त्यांची अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखीच निळी असतात. चातकाचं पिल्लू यजमानाच्या पिल्लांबरोबर वाढतं. पावशाचं मात्र बहुधा यजमानाची अंडी घरट्याबाहेर लोटतं. सातभाईंमध्ये अख्खा थवाच पिल्लं सांभाळतो, आईबापांशिवाय इतरही घास आणतात. त्यामुळे वेताळ टेकडीवर एका पावशाच्या पिल्लामागे चार-पाच सातभाई धावताना दिसले, तर नवल वाटायला नको.

पारव्याचं घरटं एसीच्या मागे आहे. ते काढून जाळी कधी लावावी?
*– एक वाचक, हडपसर*

अंडी फक्त दोन असतात. ती १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिल्लं चार-पाच आठवड्यांनी उडतात. दुसरं पिल्लू उडालं की त्याच दिवशी जागा साफ करून जाळी लावा, कारण तीच जोडी लगेच पुन्हा अंडी घालते. इतर पक्ष्यांना पिल्लांसाठी अळ्यांचा हंगाम गाठावा लागतो, पारव्याला नाही. त्याच्या गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून चक्क्यासारखा पिवळसर घट्ट पदार्थ तयार होतो. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर असतात. नर-मादी दोघंही पहिले काही दिवस पिल्लांना फक्त तोच भरवतात. म्हणून दाणे मिळतात तिथे पारवा वर्षभर वितो. खालच्या चौकात कुणी पोत्याने ज्वारी टाकत असेल, तर तुमच्या जाळीचा फारसा उपयोग होणार नाही. दुसऱ्या खिडकीत घरटं होईल. विष्ठा सुकी झाडू नका. मास्क लावून, पाणी मारून ओली करा आणि मगच काढा, ती धूळ फुप्फुसांना बाधते. जाळीच्या कडा ताणून पक्क्या करा. सैल जाळीत अडकून पक्षी तडफडून मरतात.

चिमणीसाठी लाकडी घर लावून दोन वर्षं झाली. एकदा साळुंकी राहून गेली, चिमणी नाही.
*– एक वाचक, सिंहगड रस्ता*

साळुंकी शिरली म्हणजे भोक मोठं आहे. चिमणीला ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच पुरतं आणि तेवढ्यात साळुंकी मावत नाही. तळ आतून १२ ते १५ सेंटिमीटर, उंची वीस-बावीस, आणि भोक तळापासून निदान १५ सेंटिमीटर वर हवं, नाहीतर पिल्लं बाहेर लोंबकळतात. फळी १८ मिलिमीटरच्या आसपास जाड घ्या. पत्र्याची किंवा प्लास्टिकची घरं मे महिन्यात भट्टी होतात. भोकापुढे बसायला दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला सोयीची पडते. तळाला पाणी निघायला चार बारीक भोकं पाडा. आतून रंग देऊ नका. आठ-दहा फुटांवर, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून, वळचणीखाली लावा. पंख्याच्या जवळ तर मुळीच नको. चिमण्या एकमेकींच्या शेजारी घरटी करतात, म्हणून एका घरापेक्षा दोन-तीन घरं हातभर अंतरावर असलेली बरी. दिवाळीच्या सुमाराला लावलीत, तर उन्हाळ्यापर्यंत त्यांची नजर बसते.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. मोठी चिमणी दाणे खाते, पिल्लाला मात्र पहिल्या आठवड्यात किडे आणि अळ्याच लागतात. सोसायटीत दर महिन्याला फवारणी होत असेल आणि कुंडीत शोभेची परदेशी रोपं असतील, तर अंडी फुटतील, पण पिल्लं जगणार नाहीत. मेंदी, अडुळसा, कोरांटीचं कुंपण आणि धुळीत लोळायला हातभर कोरडी माती, हे घरापेक्षा महत्त्वाचं. दाण्यांचा फीडर टांगायचा तर नंतर टांगा.

आवारातल्या जुन्या झाडाच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटायच्या आहेत. तिथे धनेश येतो. अडचण आहे का?
*– एक वाचक, औंध*

मोठी अडचण आहे, आणि विचारलंत हे फार बरं केलंत. राखी धनेशाची मादी मार्च-एप्रिलमध्ये ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा व नराने आणलेला चिखल वापरून दार आतून लिंपून घेते. उरते फक्त एक उभी फट. आत ती उडायची पिसंही गाळते. म्हणजे ढोली फोडली तरी तिला उडून जाता येत नाही. अंडी उबवून पिल्लं बरीच मोठी होईपर्यंत ती नराच्या भरवशावर असते. नर वड-पिंपळ-उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक करून चोचीत देतो. मध्येमध्ये सरडा किंवा मोठा किडाही असतो. छाटणीच्या गोंधळाने नर आठवडाभर बिथरला, तर आतलं सगळं कुटुंब संपतं.

छाटणीचा मे महिना नेमका याच काळात येतो. आधी झाड वाचा. सकाळी साडेसहा ते साडेआठ, लागोपाठ दोन-तीन दिवस, लांब बसून बघा. नर पुन्हा पुन्हा एकाच खोडाला उभा चिकटून चोच आत घालतो का? त्या जागेखाली बियांचा आणि विष्ठेचा सडा आहे का? असेल तर ते झाड जून संपेपर्यंत सोडा, आणि वाळकी ढोलीची फांदी धोकादायक नसेल तर कायमची राखा. नवी ढोली होण्यासाठी झाडाला फार वर्षं लागतात आणि धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. अर्जातच घरट्याचा उल्लेख करा. तातडी नसेल तर छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, तेव्हा फार थोड्या पक्ष्यांची वीण चालू असते.

सासवडजवळच्या विहिरीवर सुगरणीची बरीच घरटी अर्धवट का सोडलेली दिसतात? दिवाणखान्यासाठी एक आणलं तर चालेल का?
*– एक वाचक, फुरसुंगी*

घरटं नर विणतो. शिरस्त्राणाच्या आकाराचं, अर्धं झालं की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. पसंत पडलं तर मादी आत मुक्काम करते आणि मग तो खालची नळी पुरी करतो. नापसंत राहिली, ती तुम्हाला दिसतात. एक घरटं मार्गी लागलं की नर दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. डॉ. सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला हे बारकाईने पाहून नोंदवलं होतं. उबवणं मादीच करते, चौदा-पंधरा दिवस.

आणू नका. जुन्या घरट्यांत मुनिया रात्रीला राहतात, कधी वीणही करतात. वारा-पावसाने आपोआप जमिनीवर पडलेलं जुनं घरटं तेवढं बघायला मिळालं, तर आतल्या बाजूला लावलेले मातीचे गोळे जरूर पाहा.

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) इतके येतात, मग तिथे अंडी का घालत नाहीत?
*– एक वाचक, दौंड*

त्यांना खाऱ्या, उथळ पाण्याने वेढलेला चिखल लागतो, जिथे कोल्हा-कुत्रा पोचत नाही. कच्छच्या मोठ्या रणात पावसाचं पाणी साठलं की ते चिखलाचे उंचवटे रचतात, वर खळगी करून एकच अंडं घालतात आणि आईबाप दोघंही गळ्यातला लालसर रस पिल्लाला भरवतात. भिगवणला आहे ते उजनी धरणाचं पाणी गोडं, आणि ओसरलं की काठ सरळ जमिनीला मिळतो. इथे ते फक्त पोट भरायला येतात.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना ठिकाण, तारीख, घरटं किती उंचीवर आहे आणि आईबाप शेवटचे कधी दिसले, हे लिहा. पिल्लाचा फोटो जमिनीवरचा असेल तर पाठवा. घरट्याचा फोटो काढण्यासाठी फांदी वाकवू नका, पानं बाजूला करू नका, फ्लॅश मारू नका. पानांची सावली हटली की ऊन आणि कावळा दोन्ही आत येतात.